आग्नेय कोपरा

सान्यालबाबूंना भांडता येत नसे, हीच मोठी अडचण होती. खालच्या मजल्यावरचा हा म्हातारा वर यायचा, दाराबाहेर चपला काढायचा, हात जोडून "दादा, शरीर भालो तो?" अशी तब्येतीची चौकशी करायचा, उकाड्याला दोन शिव्या घालायचा आणि मग जणू स्वतःचाच गुन्हा असल्यासारखा सांगायचा, की आमच्या स्वयंपाकघराच्या छतातून परत पाणी टपकतंय. त्याने आवाज चढवला असता तर श्यामसुंदर हर्डीकरांनीही चढवला असता. उभी हयात बँकेत काढलेला माणूस. काउंटरपलीकडच्याशी वाद घालायला ते कधी कचरले नव्हते. पण या सभ्यपणापुढे त्यांची मात्रा चालेना. ते ओशाळून "बघतो, बघतो" म्हणायचे, दार लावायचे आणि चढवायचा राहिलेला आवाज स्वयंपाकघरात जाऊन चढवायचे.

तिथे प्रेमलता असायची.

"परत नळ उघडा ठेवलास?"

"नाही हो. बंद केलाय मी."

"मग खाली पाणी काय आभाळातून पडलं?"

"बघा ना तुम्ही. बंद केलाय."

नळ बंदच असायचा. पण त्याने श्यामसुंदररावांचं समाधान होत नसे. आधी उघडा टाकला असेल, मग आठवण होऊन बंद केला असेल, आणि केला हेही विसरली असेल. विसरणं हेच तर तिचं दुखणं होतं. सुरुवात आमटीत दोनदा मीठ पडण्यापासून झाली. मग एकदा बाजारातून घरी येताना रस्ता सापडेना, तेव्हा ओळखीच्या भाजीवाल्याने तिला हाताला धरून आणून सोडलं. डॉक्टरांनी दुखण्याला इंग्रजी नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि हे यापुढे वाढतच जाईल असं हसतमुखाने सांगितलं. तिची बंगाली फार गोड होती, मासळीवाल्या बायकांनाही हसवायची, स्वतः मासे खात नसूनही. ती बंगाली सगळ्यात आधी गेली. पाठोपाठ हिंदी गेली. उरली ती मराठी, आणि कोलकात्यात मराठी बोलणार कोणाशी? एका नवऱ्याशी. तो असा खेकसत होता.

नळ तिने उघडा टाकला होता, हे खोटं नाही. एकदा. दुर्गापूजेच्या आधी घरात धुणंपुसणं चाललं होतं, ती बादली लावून गॅलरीत जाऊन बसली आणि पाणी जिन्यापर्यंत वाहत गेलं. एकदाच. पण माणसाचं नाव एकदा पडलं की पडलं. त्यानंतर घरात जिथे म्हणून ओल दिसली ती तिच्या नावावर जमा झाली.

आणि घर तरी कोणाचं? कागदावर श्यामसुंदररावांचं असेल, पण घर प्रेमलतेचंच. लग्न झाल्यापासून ती बँकेच्या क्वार्टरांतून राहत आली. नागपूर, रायपूर, पाटणा, मग कोलकाता. क्वार्टरच्या भिंतीला खिळा मारायलाही मन धजत नाही. आज ना उद्या बदलीची ऑर्डर येणारच. कोलकात्यात मुलाची, अजेयची, शाळा, मग कॉलेज असं करता करता पाय रुतले आणि भवानीपुरात तिसऱ्या मजल्यावर ही जुनी, उंच छताची, मोझेकच्या फरशीची जागा घेतली. पुण्याचे नातेवाईक हसले. लोक म्हातारपणी आपल्या मुलखात परत येतात आणि यांचं हे उलटंच! प्रेमलता म्हणाली, "मला आता सामान बांधायचं नाही." पहिल्या आठवड्यात तिने घरभर खिळे ठोकले. त्यांतल्या निम्म्यांवर टांगायला काही नव्हतं, तरी ठोकले.

वास्तुशांत रीतसर झाली. इथल्या मराठी मंडळातले एक गुरुजी आले. वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा, सात धान्यं, दहीभात, फुलं असं सगळं डबीत घालून ती डबी घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरायची आणि पुढे कधी हलवायची नाही, हा आपल्याकडचा रिवाज. आता तिसऱ्या मजल्यावर पुरणार कुठे? मंडळातले बाकीचे लोक कुंडीत पुरून वर तुळस लावून मोकळे होतात. प्रेमलताही म्हणाली, "अहो, कुंडीत ठेवू या की." पण श्यामसुंदरराव नियमावर बोट ठेवणारे. स्वयंपाकघरात ओट्याखालचा कोपरा नेमका आग्नेयेला येत होता. त्यांनी गवंडी बोलावून फरशी उचकटायला लावली. खड्डा जेमतेम वीतभर झाला आणि मध्ये पाण्याचा लोखंडी पाईप आला. गवंडी म्हणाला, थोडं सरकून खणू. "दिशा कशी सरकवणार?" असं म्हणून श्यामसुंदररावांनी तांब्याची डबी स्वतःच्या हाताने पाईपाला चिकटवून दाबून बसवली, वर सिमेंटचा माल भरून घेतला आणि फरशी पूर्ववत करवली. प्रेमलतेने त्यावर हळदकुंकू वाहिलं.

त्या दिवसापासून स्वयंपाक झाला की भाताची एक मूद त्या कोपऱ्यात ठेवल्याशिवाय ती ताटं वाढत नसे. घरात कोणी वेडंवाकडं बोललेलं तिला खपायचं नाही. वास्तुपुरुष सगळं ऐकतो आणि तथास्तु म्हणतो, अशी तिची पक्की समजूत. डब्यातले तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. अजेय कामावर चिडून "मरू दे ते ऑफिस" म्हणाला तरी ती कोपऱ्याकडे बघून म्हणायची, "पोर आहे, ऐकू नकोस." श्यामसुंदररावांना याची गंमत वाटायची. "तुझा वास्तुपुरुष जमिनीखाली पालथा झोपलेला," ते म्हणायचे, "त्याला काय ऐकू जाणार?"

सान्यालबाबूंच्या फेऱ्या वाढल्या तेव्हा प्लंबर आणला नाही असं नाही. निरंजन बेहेरा त्याचं नाव. कोलकात्यातल्या पुष्कळ प्लंबरांसारखा तोही ओडिशाचा. त्याने नळांचे वॉशर बदलले, सिंकखालचा पाईप बदलला, बाथरूमच्या फटी भरल्या. तरीही खाली टपकायचं थांबेना तेव्हा तो ओट्याखाली वाकला, बोटाने फरशी दाबून पाहिली आणि म्हणाला की हा कोपरा फोडून बघायला हवा.

"तो कोपरा सोडून काय ते बोल," श्यामसुंदरराव म्हणाले.

तिथे देव आहे, तो हलवत नाहीत, एवढं त्यांनी हिंदीत सांगितलं. देव म्हटल्यावर निरंजनने हात मागे घेतला. आणि खरं सांगायचं तर श्यामसुंदररावांना कोपरा फोडायची गरजच वाटत नव्हती. गळती कुठून होते हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

त्यांनी नळाची मूठच काढून खिशात ठेवली. पाणी हवं असलं की तिने मागायचं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, तांब्याभर पाण्यासाठी ती "अहो, नळ देता का?" म्हणत बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहायची. पेपर संपेपर्यंत कधीकधी ती उभीच असायची. त्यात आपण काही वाईट करतोय असं त्यांना तेव्हा वाटलं नाही. मूठ आपल्या खिशात असताना फरशी ओली कशी, हा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही. माठातलं पाणी ओतत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि माठही उचलून ठेवला.

एका सकाळी ते चहा ठेवायला आत गेले तर प्रेमलता ओट्याखाली बसकण मारून जुन्या साडीच्या फडक्याने कोपरा पुसत होती. फडकं पिळायचं, पुन्हा पुसायचं. शेजारचं पातेलं गढूळ पाण्याने निम्मं भरलं होतं.

"काय सांडलंस?"

"सांडलं नाही. इथून येतंय." तिने फरशीच्या सांध्यावर बोट ठेवलं. "अहो, तो भिजतोय. किती दिवस झाले, भिजतोय बिचारा. त्याला काढा ना तिथून."

"कोणाला?"

"त्याला." तिने आवाज खाली आणला. "थंडी वाजत असेल हो."

आजारी माणसाच्या तोंडून खरं येऊ शकतं, हे आपल्या डोक्यात शिरत नाही. श्यामसुंदररावांच्याही शिरलं नाही. त्यांना दिसलं एवढंच, की बायको पाण्यात बसली आहे, पदर भिजला आहे आणि खालून कोणत्याही क्षणी सान्यालबाबू हात जोडून वर येतील. वर्षभराचा शीण, अर्धवट झोपा, तिच्यामागे धावणं, सगळं एकदम उसळून आलं.

"तू या घरातून गेल्याशिवाय ही गळती थांबायची नाही!" ते ओरडले.

प्रेमलता धडपडत उठली. ओला हात तिने त्यांच्या तोंडावर ठेवला, घट्ट दाबून. त्या हाताला गंजाचा वास येत होता.

"असं बोलू नये," ती म्हणाली. तिचे डोळे भीतीने मोठे झाले होते. "तो तथास्तु म्हणतो."

अजेय न्यू टाऊनला राहायचा, आयटीतला, कामात बुडालेला. त्याचं मराठी बंगाली वळणाचं होतं, पण आईवर जीव होता. त्याने गंगेपलीकडे हावड्याला अशा पेशंटांसाठीची एक संस्था बघून ठेवली होती. "बाबा, तुझ्यानं होत नाही आता," तो म्हणाला. "आईला पण त्रास, तुला पण त्रास. खाली सान्यालकाकूंच्या जेवणात पाणी पडतंय." श्यामसुंदररावांनी नको म्हटलं, पण ते नको फार हलकं होतं. तिथे कोणाला मराठी येत नाही, हे त्यांच्या मनात आलं होतं. खुणांनी समजतं, असं म्हणून त्यांनी तो विचार झटकला.

निघायच्या दिवशी प्रेमलता शहाण्यासारखी तयार झाली. कुठे जायचं हे तिला सांगितलं नव्हतं. गाडी खाली उभी होती, अजेयने बॅग उचलली, आणि ती दारातून मागे फिरली.

"नळ बघून येते," ती म्हणाली. "नाहीतर हे रागावतात."

नळाला मूठ नव्हतीच. मूठ नसलेल्या नळावर हात ठेवून तिने खात्री करून घेतली, ओट्याखाली वाकून कोपऱ्याला नमस्कार केला आणि ती जिना उतरली.

घर एकदम शांत झालं. त्या शांततेत श्यामसुंदररावांना पहिले काही दिवस सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं याची लाजही वाटली. फरशी ओलीच राहत होती. जुनी ओल आहे, हळूहळू सुकेल, असं ते म्हणत राहिले. नळाला मूठ परत बसवली होती, माठ जागेवर आला होता. घरात पाणी वापरणारा एकच माणूस होता आणि तो नळ उघडा टाकत नव्हता.

मग सान्यालबाबू वर आले. चपला काढल्या, हात जोडले. "बौदी कशा आहेत?" त्यांनी आधी वहिनींचंच विचारलं. उकाड्याबद्दल या वेळी काही बोलले नाहीत. छताचा पोपडा शेगडीवर पडला होता, नशिबाने शेगडी पेटलेली नव्हती. "दादा," ते चाचरत म्हणाले, "बौदी तर नाहीत... तरी पाणी येतंय."

श्यामसुंदररावांनी त्याच संध्याकाळी निरंजनला निरोप पाठवला.

दुसऱ्या दिवशी निरंजन छिन्नी-हातोडा घेऊन आला. "देव?" त्याने विचारलं. "फोड," श्यामसुंदरराव म्हणाले. ते स्वतः शेजारी गुडघ्यांवर बसले. मोझेकचा तुकडा निघाला. खाली सिमेंट उरलंच नव्हतं, नुसता काळा चिखल होता, आणि त्या चिखलात हिरवी पडलेली तांब्याची डबी. डबीला टेकलेला पाईप. अलीकडे धड, पलीकडे धड, आणि जिथे डबी टेकली होती तेवढ्याच जागी लोखंड खाऊन खाऊन कागदासारखं झालेलं. त्यातून पाणी येत होतं. फार नाही. थेंब थेंब, पण न थांबता.

तांबं नि लोखंड ओलीत एकत्र ठेवलं की काय होतं हे श्यामसुंदरराव शाळेत शिकले होते, आणि ते ठेवलं होतं त्यांनीच, दाबून, दिशा सरकत नाही म्हणून. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती. संन्यासी बिचारा रोज सांगत होता की मी नळ बंद केलाय. एवढंच नाही, बोट ठेवून जागाही दाखवत होता. त्यांनी डबी उचलली. ती थंडगार होती. ते रडले, प्लंबरसमोर, तोंड न लपवता.

पाईपाचा तुकडा बदलायला दुपारपर्यंतचा वेळ पुरला. गळती थांबली. श्यामसुंदररावांनी डबी पुसून, बाजारातून आणलेल्या मातीच्या कुंडीत ठेवली, वर माती लोटली. मग अजेयला फोन केला. "मी आईला घरी आणतोय," ते म्हणाले. अजेय काहीतरी समजावू लागला, डॉक्टर, सवय, पुन्हा हलवणं बरं नाही. त्यांनी ऐकून घेतलं नाही. आयुष्यात प्रथमच त्यांना कोणाची तरी क्षमा मागायची घाई झाली होती.

बाबूघाटावरून त्यांनी हावड्याची लाँच धरली. डेकवर उभं राहून ते मनात वाक्यं जुळवत होते. तू बरोबर होतीस. नळ बंद होता. तो भिजत होता, मी त्याला बाहेर काढलंय. आता मूठ तुझ्याकडेच. वाक्यं साधी होती, पण त्यांना सवय नव्हती. पुन्हा पुन्हा घोकावी लागत होती.

संस्था स्वच्छ होती. फाटकापाशी झाडं, आत लांब व्हरांडा. तिची काळजी घेणारी आया त्यांना ओळखून पुढे आली. माशिमा, म्हणजे मावशी, चांगल्या आहेत, जेवतात, त्रास देत नाहीत, असं तिने बंगालीत सांगितलं. मग थोडी घुटमळून तिने त्यांना मावशीच्या नवऱ्याला मारतात तशी हाक मारली.

"मेशोमोशाई, एक विचारू? माशिमा रोज एकच गोष्ट बोलतात. मी आले की मला, डॉक्टर आले की डॉक्टरांना, झाडूवालीला पण. आम्हाला वाटलं तहान लागली असेल, म्हणून पाणी देतो. पाणी पाहिलं की जास्तच घाबरतात." आणि तिने ते शब्द, अर्थ ठाऊक नसताना, कानावर पडले तसे म्हणून दाखवले. "नोळ बोंद केलाय मी. म्हणजे काय हो?"

श्यामसुंदररावांना अर्थ सांगावा लागला. बंगालीत सांगताना त्यांना रडू फुटलं. आयाने मान डोलावली. तिला त्यात रडण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

प्रेमलता व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर हात. ते समोर जाऊन उभे राहिले तशी तिने पदर सावरला, परक्या माणसासमोर सावरतात तसा.

"नळ बंद केलाय मी," ती म्हणाली.

"हो. केला होतास. नेहमीच केला होतास." घोकलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. "पाईप फुटला होता. माझ्याच हातून. तू सांगत होतीस, तिथूनच येत होतं पाणी."

कोणीतरी मराठी बोलतंय हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणाला तरी तिचं बोलणं समजलं होतं. ती पुढे झुकली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली,

"मग तुम्ही एक कराल का? आमच्या ह्यांना सांगाल? माझं ऐकत नाहीत ते. स्वभावाने वाईट नाहीत हो, पण फार चिडतात. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

श्यामसुंदररावांनी तिच्याकडे बघितलं. ती त्यांच्या उत्तराची वाट पाहत होती, तोंडाकडे डोळे लावून.

"सांगतो," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मग घरी पाहुणा आल्यावर सरकायची तशी बाकावर बाजूला सरकली आणि हाताने जागा झटकली.

"बसा ना," ती म्हणाली. "हे येतीलच एवढ्यात."

श्यामसुंदरराव बसले. आणि तिच्याबरोबर तेही फाटकाकडे बघत, त्यांची वाट पाहू लागले.